अरगॉन, सीझिअम आणि चुंबक: प्लाझ्मातून वीज काढताना

प्रश्न थोडक्यात असा: अरगॉन किंवा हेलिअमसारखा निष्क्रिय वायू आयनित करून (म्हणजे त्याचा प्लाझ्मा बनवून) चुंबकीय क्षेत्रातून सोडला तर टर्बाइनशिवाय थेट वीज मिळते. मग काचेची नळी, हाय व्होल्टेज आणि निओडिमिअम चुंबक घेऊन हे टेबलावर जमेल का? आणि तत्त्व इतकं सोपं असेल, तर अशी वीजकेंद्रं का दिसत नाहीत?

तत्त्व खरोखरच सोपं आहे. धातूच्या तारेऐवजी विजेचा वाहक असलेला वायू u या वेगाने B या क्षेत्रातून आडवा गेला, की d अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये u × B × d इतकं व्होल्टेज तयार होतं. याला एमएचडी (मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक) जनित्र म्हणतात. फॅरडेने 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्सच्या पाण्यात तारा सोडून हेच मोजायचा प्रयत्न केला होता, पण ठोस काही हाती लागलं नाही. आज कारखान्यांत पाण्याचा प्रवाह मोजणारे विद्युतचुंबकीय फ्लोमीटर याच सूत्रावर चालतात. वायूच्या बाबतीत रिचर्ड रोझा यांनी 1959 मध्ये अमेरिकेतल्या अॅव्हको कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्कने तापवलेल्या अरगॉनमधून सुमारे 10 किलोवॉट काढून दाखवले.

पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. चुंबक ऊर्जा देत नाही आणि आयनीभवनही देत नाही. वीजप्रवाह सुरू झाला की त्यावर चुंबकीय क्षेत्राचा जोर लागतो आणि तो वायूला मागे ढकलतो. वायू त्या जोराविरुद्ध पुढे जातो तेव्हा त्याची गती आणि उष्णता खर्च होते, आणि तीच वीज म्हणून बाहेर येते. बंद नळीत स्थिर अरगॉन हाय व्होल्टेजने पेटवला आणि बाजूला कितीही दमदार चुंबक लावले, तरी u शून्य असल्यामुळे मिळकतही शून्य. पंख्याने वायू फिरवला तर फार तर पंख्याला दिलेल्या विजेचा काही हिस्सा परत येईल.

समजा वायू 300 मीटर प्रति सेकंद वेगाने सोडला, क्षेत्र 0.5 टेस्ला आहे आणि इलेक्ट्रोडमध्ये 1 सेंटिमीटर अंतर आहे. गुणाकार करा: 1.5 व्होल्ट. आणि थंड धातूच्या कॅथोडमधून अरगॉनच्या ग्लो डिस्चार्जमध्ये प्रवाह ओढायला फक्त कॅथोडजवळच शंभर व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त खर्च होतात. दीड व्होल्ट तिथेच अडकतो. छोट्या नळीतून लोडवर काहीच का येत नाही, याचं उत्तर या एका तुलनेत आहे. व्होल्टेज आकाराबरोबर वाढतं, इलेक्ट्रोडजवळची घट मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून हे यंत्र लहान करत गेलं की मरतं.

दुसरी अडचण वाहकतेची. अरगॉनमधून एक इलेक्ट्रॉन सोडवायला 15.76 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, हेलिअममधून 24.59. शुद्ध अरगॉन वातावरणीय दाबाला 3000 केल्विनपर्यंत तापवला तरी तो व्यवहारात विद्युतरोधकच असतो. त्यात हजारात एक अणू सीझिअमचा टाका. सीझिअमला 3.89 इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. साहाच्या समीकरणाने (तापमानावरून आयनीभवन किती होतं ते सांगणाऱ्या) आकडे काढले तर त्याच 3000 केल्विनला शुद्ध अरगॉनमध्ये दर घनमीटरला सुमारे 6 × 10¹² इलेक्ट्रॉन मिळतात, सीझिअम टाकल्यावर सुमारे 5 × 10²⁰. फरक कोट्यवधी पटींचा आहे. या भेसळीला सीडिंग म्हणतात आणि व्यवहारात प्रत्येक जनित्र त्यावरच उभं असतं. पोटॅशिअम (4.34 इलेक्ट्रॉनव्होल्ट) स्वस्त पडतं म्हणून कोळसा-तेलाच्या ज्वलनवायूवर चालणाऱ्या जनित्रात ते वापरतात. बंद चक्रात, म्हणजे तोच वायू पुन्हा पुन्हा फिरवताना, सीड परत गोळा होतं, म्हणून तिथे सीझिअम परवडतं.

मग निष्क्रिय वायूच का? इथे या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे. इलेक्ट्रॉन अरगॉनच्या अणूवर आदळला तर एका धडकेत तो आपल्या ऊर्जेचा साधारण 36,000 वा भागच गमावतो, कारण अणू त्याच्यापेक्षा 73,000 पट जड आहे आणि एकअणू वायूत कंपन, परिभ्रमण अशा ऊर्जा गिळणाऱ्या वाटा नसतात. त्यामुळे वीजप्रवाहाने इलेक्ट्रॉन तापतात आणि तापलेलेच राहतात. वायू मात्र तुलनेने थंड असतो. एकाच नळीत दोन तापमानं. म्हणजे वायू 3000 केल्विनला न नेताही प्लाझ्माची वाहकता मिळते. त्याला असंतुलित आयनीभवन म्हणतात, आणि निष्क्रिय वायूच्या बंद चक्राची सगळी मदार त्यावर आहे.

किती तापतात ते ढोबळमानाने असं काढा: इलेक्ट्रॉन आणि वायूच्या तापमानातला फरक भागिले वायूचं तापमान = γ × M² × β² × (1−K)² ÷ 3. यात γ अरगॉनसाठी 1.667, M म्हणजे माख अंक (वायूचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट), β म्हणजे हॉल प्राचल (दोन धडकांमध्ये इलेक्ट्रॉन क्षेत्राभोवती किती वळतो त्याचं माप), आणि K म्हणजे लोडवरचं व्होल्टेज भागिले उघड्या सर्किटचं व्होल्टेज. प्रारणाने जाणारी ऊर्जा यात धरलेली नाही, त्यामुळे खरं तापमान थोडं कमी येतं.

आता आकडे घालून एक जनित्र उभं करू. अरगॉन 2000 केल्विन आणि 3.3 बारला घेऊन नोझलमधून माख 2 पर्यंत पसरवला. वायूचं तापमान 857 केल्विनवर उतरतं, दाब 0.4 बार आणि वेग सुमारे 1090 मीटर प्रति सेकंद होतो. वाहिनी 10 × 10 सेंटिमीटर, लांबी 50 सेंटिमीटर, क्षेत्र 4 टेस्ला. या वाहिनीतून सेकंदाला साधारण 2.45 किलो अरगॉन जातो आणि तो सुमारे 2.5 मेगावॉट उष्णता वाहून आणतो. उघडं व्होल्टेज 436. β ला 4 धरा. K = 0.75 ठेवला तर वरच्या सूत्राने इलेक्ट्रॉन साधारण 2760 केल्विनला पोचतात; K = 0.65 केला तर साधारण 4590 ला. लोडचा रोध किंचित बदलला आणि इलेक्ट्रॉनचं तापमान 1800 केल्विननी सरकलं. हे जनित्र लोडबाबत किती हळवं आहे ते यावरून लक्षात येईल.

प्रभावी वाहकता (σ) 30 सीमेन्स प्रति मीटर आणि K = 0.65 धरला तर दर घनमीटरला मिळणारी शक्ती K(1−K)σu²B² म्हणजे सुमारे 130 मेगावॉट. आपली वाहिनी अवघी 5 लिटरची, म्हणजे कागदावर 650 किलोवॉट, आलेल्या उष्णतेच्या पावपट. प्रत्यक्षात वायू वाटेत मंदावतो, इलेक्ट्रोडजवळ काही दशक व्होल्ट जातात आणि भिंतींमधून गळती होते, त्यामुळे हा आकडा कमी होतो. पण एका बादलीहून लहान जागेतून शेकडो किलोवॉट निघणं, हे या पद्धतीचं खरं आकर्षण आहे. 4 टेस्लासाठी अतिवाहक चुंबक लागतो. लोखंडी गाभ्याचे चुंबक 2 टेस्लाच्या आसपास संपृक्त होतात, आणि शक्ती B च्या वर्गाने बदलते, म्हणून 2 टेस्लावर तीच वाहिनी पावपटही देणार नाही. क्षेत्र घटलं की β घटतो, इलेक्ट्रॉन तापत नाहीत आणि वाहकताही बसते.

β मोठा असण्याची किंमतही आहे. वीजप्रवाह सरळ न जाता तिरका पळतो आणि वाहिनीच्या लांबीच्या दिशेने हॉल व्होल्टेज उभं राहतं. वर आणि खाली एकेक अखंड इलेक्ट्रोड पट्टी लावली तर ती पट्टी हे हॉल व्होल्टेज शॉर्ट करते आणि उपयुक्त वाहकता 1 + β² ने भागली जाते. β = 4 असेल तर सतराव्या हिश्शावर. नवशिक्याच्या पहिल्या आराखड्यात ही चूक हमखास असते. उपाय म्हणजे इलेक्ट्रोडचे तुकडे करणं: सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे खंड, मध्ये शुद्ध अॅल्युमिना किंवा बोरॉन नायट्राइड, आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र लोड. दुसरा मार्ग चकतीच्या आकाराच्या जनित्राचा. वायू मधोमध शिरतो आणि बाहेर सगळीकडे पसरतो. फॅरडे प्रवाह (u × B मुळे वाहणारा वीजप्रवाह) गोल फिरून स्वतःतच मिटतो आणि वीज हॉल व्होल्टेजवर, दोन-तीन कड्यांच्या इलेक्ट्रोडमधून घेतात. निष्क्रिय वायूसाठी मला चकतीच योग्य वाटते. इलेक्ट्रोड मोजके, चुंबक साधा वर्तुळाकार, आणि शेकडो जोड्यांचं वायरिंग सांभाळायची गरज नाही. टोकिओ तंत्रज्ञान संस्थेतला फुजी-1 हा प्रयोगही चकतीवरच होता.

आता प्लाझ्मा फाटण्याबद्दल, कारण या यंत्रांनी वर्षानुवर्षं त्याच्यापुढेच हात टेकले. प्लाझ्मात एखादी जागा किंचित जास्त तापली की तिथे जास्त सीझिअम आयनित होतं, तिथून जास्त प्रवाह जातो, ती आणखी तापते. मायक्रोसेकंदांत प्लाझ्माचे गरम आणि थंड पट्टे पडतात, प्रवाह गरम पट्ट्यांतून वाट काढतो आणि सरासरी वाहकता कोसळते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ वेलिखोव्ह यांनी 1962 मध्ये ही अस्थिरता दाखवून दिली. सीझिअम अर्धवट आयनित असताना β साधारण 2 च्या वर गेला की ती सुरू होते, आणि आपल्याला तर β जास्त हवा असतो.

यातून सुटका अशी: इलेक्ट्रॉन 4000 ते 5000 केल्विनच्या दरम्यान ठेवा आणि सीड इतकं कमी टाका, की ते सगळंच आयनित होईल. मग एखादी जागा जास्त तापली तरी तिथे सोडवायला नवे इलेक्ट्रॉन उरत नाहीत आणि वाढ तिथेच थांबते. याच्या खाली गेलात तर सीझिअम अर्धवट राहतं, फार वर गेलात तर अरगॉनच आयनित होऊ लागतो; दोन्हीकडे पुन्हा पट्टे. म्हणून सीडचं प्रमाण हजारात एक न ठेवता दहा हजारात दोन-चार ठेवतात. वरच्या उदाहरणात 3 × 10⁻⁴ प्रमाण म्हणजे सेकंदाला साधारण 2.4 ग्रॅम सीझिअम, एका मिनिटाच्या चाचणीला दीडशे ग्रॅमच्या आत. ‘थोडं जास्त पडलं तर वाहकता वाढेल’ हा समज इथे उलटा पडतो. अरगॉनची धडकक्षमता या ऊर्जांना फार कमी असते, आणि तीच जमेची बाजू जास्तीचे न फुटलेले सीझिअम अणू घालवून टाकतात. सीडचा प्रवाह हेलकावत असेल तर जनित्रही हेलकावतं. सीझिअमची वाफ करणारा बाष्पक एका अंशाच्या आत स्थिर ठेवण्यावर खर्च करा, तो वाया जात नाही.

शुद्धता ही यातली सर्वात कंटाळवाणी आणि सर्वात निर्णायक बाब. नायट्रोजनसारखा रेणू धडकेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा कंपनात गिळतो, अरगॉनच्या शेकडो पट वेगाने. म्हणून रेणूवायूंचं एकूण प्रमाण दशलक्षात 100 भागांच्या बरंच खाली हवं. 99.99 टक्के शुद्धतेचा सिलिंडर घेतलात तर ती मर्यादा सुरू होण्याआधीच संपलेली असते, 99.999 घ्या. ऑक्सिजनचं गणित तर भयंकर आहे: सीझिअम ऑक्साइड बनताना ऑक्सिजनचा एक रेणू सीझिअमचे चार अणू खातो. दशलक्षात 100 भाग ऑक्सिजन थंड भागात 400 भाग सीझिअम बांधून टाकू शकतो, आणि आपण टाकलंय 300. उष्णता साठवणाऱ्या अॅल्युमिना गोळ्यांच्या भट्टीने वायू तापवत असाल, तर भट्टी ज्वलनवायूने गरम करून झाल्यावर गोळ्यांच्या फटींत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. अरगॉन सोडण्याआधी भट्टी निर्वात करून, अरगॉन भरून, पुन्हा निर्वात करावी लागते. एकदा करून भागत नाही.

भिंतीच्या तापमानाकडेही लक्ष हवं. वाहिनीत सीझिअमचा आंशिक दाब साधारण 12 पास्कल असतो. भिंत 200 अंश सेल्सिअसच्या खाली गेली की त्यावर सीझिअम जमतं. इलेक्ट्रोडमधल्या विद्युतरोधकावर धातूचा तो पातळ थर बसला की शेजारचे खंड शॉर्ट होतात, हॉल व्होल्टेज गळतं आणि शेवटी ठिणगी पडून रोधकाला काळी रेघ उमटते. एकदा रेघ उमटलेला तुकडा बदलावा लागतो. भिंती 300 अंशांच्या वर ठेवा, सीडच्या नळीत कुठेही थंड सांधा राहू देऊ नका. सिलिका असलेली सिरॅमिक्स सीझिअम कुरतडतं. टेफ्लॉनचे गॅस्केट, सोन्याचा मुलामा, इंडिअमच्या सील्स त्याच्या संपर्कात नकोत. स्टेनलेस स्टील, मॉलिब्डेनम, अतिशुद्ध अॅल्युमिना चालतात. ऑक्सिजन नसल्यामुळे मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचे इलेक्ट्रोड इथे टिकतात. ज्वलनवायूच्या जनित्रात ते जळून गेले असते.

सीझिअम 28.5 अंशांना वितळतं, हवेत आपोआप पेटतं आणि पाण्याशी स्फोटक अभिक्रिया करतं. हाताळणी फक्त अरगॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये. आग लागली तर पाणी, फोम किंवा कार्बन डायऑक्साइड नाही. धातूच्या आगीची कोरडी पावडर. चाचणीनंतर वाहिनी उघडताना आतला पांढरट थर म्हणजे सीझिअम हायड्रॉक्साइड समजा, तो कातडी आणि डोळे जाळतो.

चालू करण्याचा क्रम असा. आधी संपूर्ण परिपथ निर्वात करून गळती मोजा, भिंती तापवून चिकटलेलं पाणी काढा, अरगॉनने धुवा. मग चुंबक पूर्ण क्षेत्राला आणा, शुद्ध अरगॉन सोडा, वेग आणि दाब स्थिर होऊ द्या, आणि त्यानंतर सीड. लोड मात्र सीडच्या आधीच जोडलेला हवा आणि तो कमी रोधाचा हवा. सूत्रातलं (1−K)² आठवा: सर्किट उघडं असेल तर K = 1, इलेक्ट्रॉन अजिबात तापत नाहीत आणि जनित्र कधी पेटतच नाही. शॉर्टच्या जवळून सुरुवात करा, प्लाझ्मा पकडला की रोध हळूहळू वाढवून K वाढवत न्या. प्रवेशाजवळचा भाग तरीही थंड राहत असेल तर आधीच्या टप्प्यात रेडिओ लहरींनी किंवा छोट्या आर्कने पूर्व-आयनीभवन करावं लागतं. त्याची वीज मिळकतीतून वजा करायला विसरू नका. बंद करताना आधी सीड थांबवा, शुद्ध अरगॉनने वाहिनी धुवून घ्या, मग वायूचा प्रवाह आणि शेवटी चुंबक.

अशी केंद्रं का नाहीत, याचं मुख्य कारण प्लाझ्मा नाही; उष्णतेचा उगम आहे. आपल्याला 2000 केल्विनचा स्वच्छ अरगॉन सतत, महिनोन्महिने हवा. जपानच्या एचटीटीआर अणुभट्टीने 2004 मध्ये हेलिअम 950 अंश सेल्सिअसला बाहेर काढला, म्हणजे 1223 केल्विन. अजून सातशे-आठशे केल्विन कमी पडतात. ज्वलनातून उष्णता घ्यायची तर सिरॅमिक उष्णता-विनिमयकाच्या भिंती या तापमानाला वर्षानुवर्षं गळती न होता टिकायला हव्यात, आणि शुद्धतेच्या अटी आपण पाहिल्याच. दरम्यान गॅस टर्बाइन आणि वाफेची जोडी 60 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठून बसली. अरगॉन वापरला तर अणुभट्टीत तो किरणोत्सारी अरगॉन-41 होतो, ज्याचं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं, म्हणून तिथे हेलिअमच बरा, भले एका धडकेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा तो अरगॉनच्या दहापट घेत असला तरी.

टेबलावर काहीतरी खरं मोजायचंच असेल तर वीज मिळवायचं विसरा आणि uBd पकडा. टिग वेल्डिंगची टॉर्च, अरगॉन मिनिटाला 10 लिटर, 10 मिलिमीटर व्यासाची अॅल्युमिना नळी. थंड असताना वेग 2 मीटर प्रति सेकंद, 3000 केल्विनला वायू दहापट फुगून 20. क्षेत्र 0.5 टेस्ला असेल तर अपेक्षित व्होल्टेज 0.1. वायूत पोटॅशिअम कार्बोनेटची अगदी बारीक, कोरडी पूड सोडा. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण इथे इलेक्ट्रॉन आणि वायू एकाच तापमानाला असल्याने चालतं. सीझिअम घरी किंवा महाविद्यालयाच्या टेबलावर नको.

इलेक्ट्रोड म्हणून 2.4 मिलिमीटरच्या लँथॅनमयुक्त टंगस्टन काड्या घ्या. थोरिअमच्या काड्या घासताना किरणोत्सारी धूळ उडते. दोन्ही काड्या सारख्याच तापायला हव्यात, नाहीतर तापमानातल्या फरकाचंच व्होल्टेज मोजाल. चुंबक आर्कपासून दूर, प्रवाहाच्या पुढच्या भागात ठेवा, नाहीतर आर्कच वाकेल. साधे निओडिमिअम चुंबक 80 अंशांच्या वर ताकद गमावतात, म्हणून मध्ये तांब्याची पाण्याने थंड केलेली पट्टी हवी. टॉर्च पेटवतानाच्या उच्च वारंवारतेच्या ठिणगीने मीटर जळतो. पेटल्यावरच तो जोडा. वेल्डिंगची काच डोळ्यांवर, आणि खोलीत हवा खेळती, कारण अरगॉन जड असतो आणि तळाशी साचून गुदमरवतो.

मीटरवर 0.1 व्होल्ट दिसला म्हणून खूश होऊ नका. आधी चुंबक काढून वाचन घ्या, मग लावून, मग उलटे करून. क्षेत्र उलटल्यावर वाचनाचा जो भाग चिन्ह बदलतो तेवढाच खरा. दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मं करा. जो भाग तसाच राहतो तो प्लाझ्माचा स्वतःचा विभव, तापमानातला फरक किंवा आर्कचा गोंगाट. वायूचा प्रवाह बंद ठेवून नुसता चुंबक लावल्यावरही वाचन हलत असेल, तर मीटरच्या तारा क्षेत्रातून बाहेर काढून एकमेकींना पिळून घ्या आणि पहिल्यापासून मोजा.